दोन दिवस रत्नांग्रीत

"रत्नागिरीला जायचं" हे आमच्या टीममधलं सगळ्यात जुनं ओपन तिकीट होतं. दर सोमवारी कुणीतरी विषय काढायचा, दर गुरुवारी प्रॉडक्शनला काहीतरी पेटायचं आणि शनिवारी सगळे आपापल्या घरी झोपा काढायचे. शेवटी गेल्या जानेवारीत शुक्रवारची रजा टाकली आणि तिघं निघालो. मी, गाडी ज्याची तो (आणि म्हणून गाणी कुठली लावायची हे ठरवणारा), आणि ज्याच्या घरी जायचं होतं तो. त्याला आपण इथे रत्नागिरीकर म्हणू. जाऊन आलो जानेवारीत, लिहायला मुहूर्त आत्ता लागतोय. पण ते एका अर्थी बरं झालं, कारण या ट्रिपचा शेवट जूनमध्ये झाला. तो शेवटी सांगतो.

पुण्याहून कराड, मग हायवे सोडून कोकरूड, मलकापूर आणि आंबा घाट. साधारण तीनशे किलोमीटर. घाटात गाडी थांबवून खाली पाहिलं की कोकण सुरू झालं हे नकाशा न बघताही कळतं. वरची कोरडी थंडी मागे राहते आणि हवा जरा जड होते. साखरपा, पाली, हातखंबा करत आम्ही चारच्या सुमाराला शहरात शिरलो आणि न थांबता भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलो. रत्नागिरीकराचं घर त्या बाजूला आहे.

घर म्हणजे चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी, समोर सारवलेलं खळं, आणि मागे चढावर हापूसची शंभरेक कलमं. काका ओटीवरच बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मोहोर बघायला आलात की आंबे खायला? आंब्यांना मेपर्यंत थांबावं लागेल हो." काकूंनी आतून आवाज दिला, "अहो, आधी हातपाय तरी धुवू देत त्यांना." रात्री तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुरमईची तुकडी आणि सोलकढी. यावर जास्त लिहीत नाही, कारण ज्याने खाल्लंय त्याला सांगायची गरज नाही आणि ज्याने नाही त्याला सांगून उपयोग नाही.

शनिवारी सकाळी थिबा पॅलेस. लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात ब्रह्मदेशाचा हा राजा एका ओळीत येऊन गेला होता, एवढीच ओळख. वाडा मोठा आहे. लाल रंग, अर्धगोल खिडक्या, लाकडाचं कोरीव काम, उतरती छपरं. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे. वाड्याच्या बाजूने खाली पाहिलं की भाट्याची खाडी आणि त्यापुढे समुद्र दिसतो. नजारा म्हणून सुंदरच. पण हा नजारा ज्याला जबरदस्तीने दाखवला त्याची गोष्ट वाचल्यावर जरा वेगळा दिसायला लागतो.

थिबाचा जन्म १८५९ चा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाराणीला बोटीत बसवलं, आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून उतरवलं. तेव्हा त्याचं वय सत्तावीस. म्हणजे माझ्याएवढाच, एखादं वर्ष इकडे तिकडे. मी सत्तावीसाव्या वर्षी होम लोनचं व्याज मोजत होतो आणि या माणसाचं राज्य, शहर, भाषा, सगळं संपलेलं होतं. मारला नाही, तुरुंगात घातला नाही. पेन्शन दिलं. फक्त रत्नागिरीबाहेर जायचं नाही. त्यानंतर तो आणखी तीस वर्षं जगला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला.

आणि हा वाडा, जो बघून आपण "वा, काय थाट!" म्हणतो, तो बांधून झाला १९१० साली. म्हणजे आधीची चोवीस वर्षं राजा दुसऱ्याच बंगल्यात होता. वाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली.

मी रत्नागिरीकराला विचारलं, "पण इथेच का आणला?" तो म्हणाला, "कारण इथे काही नव्हतं." विचार केला तर उत्तर बरोबर आहे. रेल्वे नाही, मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बंदरही बंद. ब्रह्मी बोलणारा माणूस औषधालाही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद करायचा नाही, नुसती नेटवर्कची वायर काढून ठेवायची. कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली १९९८ च्या जानेवारीत. म्हणजे माझ्या पिढीपर्यंत हे शहर तसं लांबच होतं.

याच्या उलट दिशेचा हिशोबही आहे. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी १८५८ मध्ये दिल्लीहून रंगूनला पाठवलं, १८६२ मध्ये तो तिथे गेला. इथला राजा तिकडे, तिकडचा राजा इकडे. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला माहीत नसलेली गोष्ट पुढच्या दोन किलोमीटरवर होती.

ती म्हणजे टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. २३ जुलै १८५६. साधं, कौलारू, दुमजली घर, आजूबाजूला झाडं, आत फोटो आणि माहितीचे फलक. गाडीवाल्या मित्राने मोबाइलमध्ये फोटो काढले आणि मी फलक वाचत उभा राहिलो. १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा, मंडालेचा तुरुंग, १९१४ मध्ये सुटका. शाळेत पाठ केलेलं आहे हे. मंडालेचा तुरुंग, गीतारहस्य, पेन्सिलीने लिहिलं, एक मार्काचा प्रश्न. पण त्याआधी तासभर थिबाच्या वाड्यात घालवून तिथे गेलो होतो म्हणून पहिल्यांदा ट्यूब पेटली. मंडाले म्हणजे तेच मंडाले! जिथून त्या राजाला काढलं ते शहर.

म्हणजे १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं मंडालेचा माणूस रत्नागिरीत होता आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. १९१० मध्ये थिबाचा वाडा पूर्ण झाला आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यात टिळक तिकडे गीतारहस्य लिहायला बसले. दोघांनाही एकच सरकार सांभाळत होतं, आणि दोघांनाही आपलं गाव दिसत नव्हतं. इंग्रजांनी हे मुद्दाम जुळवलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या नकाशावर ही दोन्ही ठिकाणं "लांब" या एकाच रकान्यात होती, एवढंच.

रत्नागिरीकर बाहेर पायरीवर बसला होता. मी हे सगळं उत्साहाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "टिळक दहा वर्षांचे असताना वडिलांची पुण्याला बदली झाली. रत्नागिरीतून पुण्याला जायची पद्धत तेव्हापासून आहे." आणि हसला. विनोद चांगला होता, पण तो हसला मात्र जरा कमीच.

तिथून पतितपावन मंदिर. सावरकरांना अंदमानातून १९२१ मध्ये हिंदुस्थानात आणलं, काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगातही ठेवलं, आणि १९२४ मध्ये सोडलं ते जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर. ती अट १९३७ पर्यंत. म्हणजे थिबानंतर आठ वर्षांतच सरकारला पुन्हा हेच गाव आठवलं! त्या मुदतीत, १९३१ मध्ये, सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं. पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. ते मूळचे इथलेच, मुंबईत जाऊन बांधकामाच्या धंद्यात मोठे झाले. गाव सोडलं, पण पैसा गावात आणून लावला. कोकणात याला चाकरमानी म्हणतात. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता यूपीआय येतं.

दुपारी जेवणाला घरी न जाता मधल्या आळीतून (इथून जाताना अंतू बर्वा न आठवणारा मराठी माणूस मला भेटायचाय) थेट रत्नदुर्ग गाठला. किल्ला घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी पाणी. एका टोकाला भगवतीचं देऊळ, दुसऱ्या डोंगरावर दीपगृह. वरून गंमत दिसते ती किनाऱ्यांची. एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळा समुद्र. पाणी तेच, नावं वाळूवरून. या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड, काळं खनिज आहे. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड मागे राहते. गाडीवाल्याने विचारलं, "म्हणजे जे जड ते राहतं?" रत्नागिरीकर म्हणाला, "इथे माणसांचं उलट आहे. ज्यांच्यात काही दम आहे ते जातात असं समजतात." या वेळी तो अजिबात हसला नाही.

आता खरी गोष्ट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचा रत्नागिरीकर पुण्यातली खोली सोडून घरी आला होता, तो जवळजवळ अडीच वर्षं इथेच होता. दिवसा लॅपटॉप, संध्याकाळी बाग. पावसात नेट जायचं तेव्हा स्कूटर घेऊन सड्यावर जाऊन कॉल घ्यायचा, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलंय (मागे वारा घोंघावायचा आणि क्लायंटला वाटायचं समुद्र). त्याने बागेचा हिशोब एक्सेलमध्ये आणला, कुठल्या कलमाला किती फळ हे लिहायला सुरुवात केली, आणि दलालाकडे जाणाऱ्या पेट्यांपैकी अर्ध्या पुण्यातल्या ओळखीच्या लोकांना थेट पाठवायला लागला. आमच्या ऑफिसातच साठ पेट्या गेल्या. मग कंपनीने परत बोलावलं. आधी आठवड्यातले दोन दिवस, मग तीन, आणि आता पाच.

संध्याकाळी काका मला बागेत घेऊन गेले. मित्र दोघं समुद्रावर गेले होते. मोहोर आला होता. त्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे, गोडसर आणि किंचित कडवट. मी म्हटलं, "यंदा छान आलाय." काका म्हणाले, "आलाय छान. पण थंडी लांबली तर पुन्हा मोहोर येतो." मला वाटलं हे चांगलंच. तर नाही! नवा मोहोर आला की झाड सगळी ताकद तिकडे लावतं आणि आधी धरलेली बारीक फळं गळतात. पुनर्मोहोर म्हणतात त्याला. तुडतुडे आणि फुलकिडे वेगळेच, त्यांच्या फवारण्या वेगळ्या. शिवाय हापूस मुळात एक वर्ष भरभरून धरतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो.

बागेच्या कडेला मांगरात एक नेपाळी जोडपं राहतं, राखणीला आणि कामाला. कोकणात आता बहुतेक बागांत हीच परिस्थिती आहे. काका म्हणाले, "हे बघ, हे एवढ्या डोंगरापलीकडून येतात. आणि आमचे बोरिवलीहून येत नाहीत." ती बाई खळ्यात भांडी घासत होती, तिने आमच्याकडे बघून "चहा ठेवू का?" असं चक्क मराठीत विचारलं.

मग गडग्यावर बसून काकांनी विषय काढला. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, फवारणीचा पंप पाठीवर घेणं जमत नाही. एक व्यापारी बाग पाच वर्षांच्या कराराने मागतोय. पैसे एकरकमी. पण करारवाला कल्टार घालणार. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, झाडाची वाढ रोखून त्याला मोहोर काढायला लावणारं औषध. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात. मापात आणि खतपाण्यासकट दिलं तर रुसणारा हापूसही दरवर्षी धरतो, लवकर धरतो, आणि लवकरच्या आंब्याला भाव असतो. म्हणून कृषी विद्यापीठाची शिफारसही आहे. पण झाड ज्याचं नाही तो माप कशाला पाळेल? "पाच वर्षं पिळतील आणि पिळून झालं की माझ्या हातात देतील," काका म्हणाले. "ही कलमं माझ्या वडिलांनी लावली. त्यांना तरी काय माहीत होतं मी राहणार की जाणार."

आणि मग त्यांनी समुद्राकडे बघत विचारलं, "तुम्ही एकत्र काम करता म्हणून विचारतो. तो परत येईल का रे?"

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? मला माहीत होतं की त्याला बाहेरदेशी जायची ऑफर आहे, दोन वर्षांसाठी. त्याने ती घरी सांगितलेली नव्हती, आणि ते सांगणं माझं काम नव्हतं. काकांनीही उत्तराची वाट पाहिली नाही. उठले आणि म्हणाले, "चल, डास येतील आता."

रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. हा रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा आणि त्यातला प्रत्येक किलोमीटर बघण्यासारखा. एका वळणावर गाडी थांबवली की खाली दोन्ही बाजूंना रिकामे किनारे दिसतात. पुळ्याला गर्दी होती, दर्शन घेतलं, डोंगराला प्रदक्षिणा घातली, मोदक खाल्ले. तिथून अगदी जवळ मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव, जन्म १८६६ चा. त्यांचं घर आणि स्मारक नीट जपलंय, आवर्जून बघा. तिथेही मी नको तेच वाचलं. मालगुंडचा हा मुलगा मास्तरकी करत गावोगाव फिरला आणि १९०५ मध्ये गेला तो हुबळीला. मी रत्नागिरीकराकडे पाहिलं. तो म्हणाला, "कळलं, कळलं. पुढे चल."

परतीच्या वाटेवर थिबाचं थडगं बघायला थांबलो. शहरातच आहे, वाड्यावर गर्दी करणारे पर्यटक इथे फारसे दिसत नाहीत. पण २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले, आणि २०१६ मध्ये शंभराव्या पुण्यतिथीला राजाचे वंशजही आले होते. शंभर वर्षांनी का होईना, कुणीतरी शोधत आलं.

मला मात्र राजापेक्षा त्याच्या थोरल्या मुलीची गोष्ट जास्त लागली. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. थोरली राजकन्याही गेली. पण तिचा जीव रत्नागिरीतल्या गोपाळ सावंत नावाच्या, वाड्यावर नोकरीला असलेल्या माणसावर होता. त्याच्यापासून तिला टूटू नावाची मुलगी होती. ती मुलीला घेऊन इथे परत आली, गरिबीत राहिली आणि इथेच संपली. टूटू पुढे इथल्याच पवारांच्या घरात नांदली, मराठीत बोलली, मराठी मुलं वाढवली आणि २००० साली वारली. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात!

वाड्यातल्या फलकांनी थिबाची रत्नागिरी दाखवली. ती शिक्षा होती. आणि त्याच्याच मुलीला मोकळं सोडलं तेव्हा ती याच गावाला घर समजून परत आली. गाव तेच, पाऊस तोच, खाडी तीच. फरक एवढाच की बापाला पाठवलं होतं आणि मुलगी आपली आपण आली. मला वाटतं आपण "गावाला परत जावं की नाही" यावर जे वाद घालतो त्यात हा मुद्दा निसटतो. नोकरीने, गुडघ्यांनी किंवा अपराधी वाटल्यामुळे ओढत आणलेल्या माणसाला कुठलंही गाव थिबाचंच वाटणार, मग मागे कितीही कलमं असोत.

आंबा घाट चढताना मी एवढंच म्हटलं, "काकांनी मला विचारलं." रत्नागिरीकर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला माहीत आहे. ते सगळ्यांना विचारतात. मला सोडून." कराडपर्यंत कुणी बोललं नाही. गाडीवाल्याने गाणीसुद्धा लावली नाहीत.

आता जूनचं. ऑफरचं त्याने एप्रिलमध्ये घरी सांगितलं. फोनवर नाही, त्यासाठी दोन दिवस गावाला गेला. काका म्हणाले, "जा." नंतर जूनमध्ये बागेचा करार झाला, त्याचा फोटो त्याने मला पाठवला. पाच वर्षांचा कागद व्यापाऱ्याने तयार ठेवला होता. काकांनी दोनच वर्षांचा केला, आणि खाली शाईने एक ओळ घालायला लावली की बागेत कल्टार घालायचं नाही. त्यामुळे वर्षाचे पैसे जवळजवळ निम्म्यावर आले. काकू रागावल्या म्हणे.

दोन वर्षंच का, हे काकांनी कुणाला सांगितलेलं नाही आणि रत्नागिरीकरानेही विचारलेलं नाही. तो सप्टेंबरात निघतोय. जाण्याआधी त्याने ती कलमांची एक्सेल शीट मला शेअर केली आहे, "असू दे तुझ्याकडे" म्हणून. शेवटच्या कॉलमला त्याने पुढच्या चार हंगामांची नावं आधीच टाकून ठेवली आहेत. खालचे रकाने रिकामे आहेत.